डाव्या पायात मोजा नाही

काम अगदी साधं होतं. एक वही आणायची होती.

शनिवार, दुपारचे तीन, लख्ख ऊन. अशा गोष्टी अशा वेळेला सुरू होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या हातून आजवर कुठलीच गोष्ट रीतसर झालेली नाही, तर हीच कशी होईल? वाचताना दिवा जरा जवळ घ्या, म्हणजे झालं.

मी भित्री बाई आहे. म्हणजे भुतांना नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, टिल्लीने बटण तर गिळलं नाही ना, अशा गोष्टींना भिते. टिल्ली माझी मुलगी, तेव्हा साडेचार वर्षांची. ती झाल्यापासून मी मुलं कशी वाढवावीत यावरची सात पुस्तकं वाचली, आणि दर पुस्तकागणिक आई म्हणून आपण किती कमी पडतो याचे नवनवे पुरावे मला मिळत गेले. नवरा म्हणायचा, "आठवं वाचू नकोस. त्यात थेट शिक्षाच सुनावतील."

वही मावशीची. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, राहते आमच्याकडेच. शहरातला चाळिशीतला प्रत्येक माणूस तिला ओळखतो, पण चेहऱ्याने नाही, आवाजाने. शहरातल्या जुन्या अम्युझमेंट पार्कमध्ये ती सव्वीस वर्षं नोकरीला होती. पार्कला कागदोपत्री काहीतरी लांबलचक नाव होतं. लोक त्याला पाळण्याची बाग म्हणत. आणि मावशी होती चुकलेल्या मुलांच्या खोलीत. माइकसमोर.

लहानपणी मी रविवारी तिच्याबरोबर जायची. फाटकाबाहेरची रांग चौकाच्या वळणापर्यंत गेलेली असायची. आत बत्तीस डब्यांचा आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, आरसेमहाल, तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या, आणि या सगळ्याला वळसा घालत शिट्टी फुंकणारी छोटी आगगाडी. संध्याकाळी सहाला सगळे दिवे एकदम लागायचे आणि हजारो माणसं एका दमात "अहाऽऽ" करायची. तो आवाज मला अजून पोटात ऐकू येतो. एवढी गर्दी म्हटल्यावर मुलं हरवणारच. रविवारी दहा-बारा तर ठरलेली.

खोलीला मधोमध लाकडी आडभिंत होती. अलीकडे मावशीचं टेबल, माइक, कपाट आणि मुलांसाठी चार बुटक्या खुर्च्या. पलीकडे आईबापांसाठी एक लांब बाक. आडभिंतीत एक धुरकट काच, काचेला खाली अर्धगोल फट, वही सरकवण्यापुरती. आणि त्या फटीच्या खाली, अगदी जमिनीलगत, एक झडप, मुलाच्या मापाची. पलीकडच्या माणसाची वहीत सही झाली की मावशी झडपेची कडी काढायची आणि मूल रांगत पलीकडे जायचं. मोठ्या माणसाला त्यातून ये-जा करता येत नसे. मुद्दामच तशी केली होती म्हणे. आधीच्या काळी चिडलेले बाप टेबलावर चढून येत.

सहीशिवाय मूल नाही, हा बागेचा नियम. सहीच्या आधी प्रश्न, हा मावशीचा. "ही तुझी आई का?" असं ती मुलाला कधी विचारायची नाही. "रडणारं पोर आइस्क्रीमवाल्यालाही आई म्हणतं," ती म्हणायची. ती आईलाच विचारायची. कपडे काय, कुणीही पाहून सांगेल. मावशी विचारायची, अंगावर खूण कुठे आहे, झोपताना काय मागतं.

मग बाग उतरली. एकदम नाही, माणूस म्हातारा होतो तशी, एकेक दात पडत. शहराबाहेर पाण्याच्या घसरगुंड्यांचं भलंमोठं पार्क झालं, मॉल झाले, मॉलमध्ये गार हवेतले खेळ आले. इथे आधी होड्या बंद झाल्या, मग आगगाडी. घोड्यांच्या शेपट्या गेल्या. आरसेमहालात माणसं उंच-बुटकी दिसायची ती नुसतीच डागाळलेली दिसायला लागली. आणि मावशीची खोली रिकामी पडली. "गर्दीच नाही तर हरवणार कुठून?" ती म्हणायची. "इकडून हाक मारली की तिकडच्या भिंतीला ऐकू जाते."

तेव्हा मॅनेजरने डोकं चालवलं. माणसं नसली तरी माणसांचा आवाज पाहिजे, म्हणाला. दर अर्ध्या तासाने एक मूल सापडल्याची घोषणा करा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, आत काय तुफान गर्दी आहे! मावशीची नोकरी आता त्यावरच टिकणार होती. ती घोषणा करू लागली, नसलेल्या मुलांच्या. आणि घोषणा झाली की वहीत नोंद झालीच पाहिजे, हा तिचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. तो काही तिने मोडला नाही.

रात्री जेवताना आम्ही हसून लोळायचो. "लग्न नाही केलं गं," मावशी म्हणायची, "पण आज दुपारपर्यंत तीन झाली मला. तिन्ही गोंडस." खोटं मूल खरं वाटावं यासाठी तिची एक युक्ती होती. त्याचं काहीतरी एक हरवलेलं सांगायचं. शर्टाचं वरचं बटण, एका कानातला डूल, एखादा मोजा. "अख्खं मूल सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही."

बाग बंद होऊन बारा वर्षं झाली होती. मावशीला आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवा हात व आवाज दोन्ही गेले. ती डाव्या हाताने पाटीवर मोठी मोठी अक्षरं काढायची. शुक्रवारी पेपरात आलं की सोमवारपासून बाग जमीनदोस्त करणार. मावशीने पाटी मागितली.

"वही आण."

"कसली वही?"

"मुलांची. कपाट, खालचा खण." मग जरा थांबून तिने लिहिलं, "एकटी जा."

"का गं?"

तिने पाटी पुसून टाकली.

आता एकटी कुठून जाणार? शनिवारी नवरा कामावर, बालवाडीला सुट्टी, शेजारच्या काकू तापाने आडव्या. मावशीला सांभाळायला येणाऱ्या बाईंनी कानांना हात लावले. "एका वेळी एकच, ताई. मावशी पडल्या आणि ही पळाली, तर मी कुणाकडे धावू?" बरोबरच होतं. मी टिल्लीला घेतलं. गर्दीत पटकन दिसावी म्हणून मी तिला नेहमी भडक कपडे घालते. त्या दिवशी पिवळा फ्रॉक घातला. जिथे काळं कुत्रं नाही तिथे कसली गर्दी, हे घालताना सुचलं नाही.

बागेचे रखवालदार म्हणजे पूर्वीचे पाळणेवाले काका. आकाशपाळण्याचा दांडा तीस वर्षं त्यांच्या हातात होता. आता पाळणा नुसताच उभा आहे म्हणून ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात.

"या ताई. काल फोन केलेल्या तुम्हीच ना? मावशींची भाची?" मग ते टिल्लीकडे वाकले. "आणि हे कोण पिवळं पिवळं? नाव काय गं तुझं?"

टिल्ली गप्प. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, असं मीच शिकवलंय. पुस्तक नंबर चार.

"नाही सांगत? मग मी लिंबू म्हणणार."

"आम्ही टिल्ली म्हणतो," मी म्हटलं.

"ते ठीक. पण लिंबूच." त्यांनी जुडग्यातून एक किल्ली काढली. "पुढच्या दाराची साखळी गंजलीय, निघायची नाही. मागच्या दाराने जा. मावशीपण शेवटी शेवटी त्याच दाराने ये-जा करायच्या."

"मागच्या? का?"

"पुढे ती बाई असायची ना, बाकावर. शेवटचे दोन महिने. सगळ्या बागेत मिळून वीस माणसं नसायची, पण ही रोज तिकीट काढून यायची. पाळण्यात नाही, घोड्यावर नाही, सरळ खोलीत. मी चेष्टा करायचो, मावशी, तुमचं एक तरी गिऱ्हाईक पक्कं आहे! तर मावशी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत." ते गुडघा चोळत खाली बसले. "मी येत नाही बरं का तिथवर. गुडघा."

आत गवत कमरेएवढं. पाळण्याचे निम्मे डबे गळून पडलेले, उरलेले वाऱ्यावर कुरकुरत होते. कोरड्या तळ्यात दोन बदकं एकमेकांवर कलंडलेली. टिल्ली त्यांना बघायला धावली आणि काठाच्या चिखलात तिचा डावा पाय बूट-मोज्यासकट रुतला. बूट पुसला, ओला मोजा पिशवीत टाकला, सर्दी होईल की काय याची काळजी सुरू केली, आणि आम्ही पुढे गेलो. असं माझं रोजच चालतं. त्यात काही वेगळं आहे असं वाटायला कारण नव्हतं.

मागच्या दाराला किल्ली लागली. खोलीत उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेचा वर्ग उघडावा तसा वास होता. खडू, कुबट लाकूड, बरेच दिवस न उघडलेला डबा. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली ती टेबलाच्या पायापर्यंत पोचून थांबली. माइक मान खाली घालून उभा होता. भिंतीवर रंगवलेल्या फुग्यांना पोपडे आले होते. चारही बुटक्या खुर्च्या जागच्या जागी होत्या.

"माझ्या मापाची आहे!" टिल्ली एकीवर बसली.

"हलायचं नाही हं."

"हलत नाही. नुसती बसते."

खालचा खण फुगून बसला होता. मी कपाटाला पाय लावून ओढला, शिव्या दिल्या (टिल्ली ऐकत असताना, पुस्तक नंबर दोन), आणि शेवटी तो हातात आला तेव्हा खणासकट मागे कोलमडले. वही तिथेच होती. लाल पुठ्ठ्याची, जाड. दाराच्या उजेडात धरून मी शेवटची पानं उघडली. चार रकाने. तारीख आणि वर्णन, वेळ, नोंद करणाऱ्याची सही, मूल ताब्यात घेणाऱ्याची सही. चौथा रकाना पानंच्या पानं कोरा. मावशीची नसलेली मुलं, एकाखाली एक. मला हसू आलं. मग मी शेवटची नोंद वाचली.

"मुलगी, वय साडेचार. पिवळा फ्रॉक. डाव्या पायात मोजा नाही. नाव सांगत नाही."

तारीख बारा वर्षांपूर्वीची. खाली, त्याच दिवशी, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं. "आई आली आहे. बसा म्हटलं."

त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख. "आई आली आहे."

त्याखाली तिसऱ्या. "आई आली आहे." पान संपेपर्यंत. पुढच्या पानावरही.

मी वळले. खुर्ची रिकामी होती.

झडपेची कडी निघालेली होती.

काचेपलीकडे, बाकावर, एक पिवळा डाग दिसत होता. त्याच्या शेजारी दुसरा. मोठा, राखाडी, ताठ बसलेला.

"टिल्ली... इकडे ये."

"थांब ना आई." आवाज तिचाच, नेहमीसारखा जरा वैतागलेला. "ह्या आईची सही राहिलीय."

मी जमिनीवर आडवी पडून झडपेत हात घातला, खांद्यापर्यंत. डोकं जाईना. बोटांना पलीकडची धूळ लागली, थंड, जाडसर, कुणाचीही पावलं नसलेली... टिल्लीचीसुद्धा. पुढच्या दाराला साखळी होती. काच फोडायची तर तुकडे त्या बाजूला उडणार होते.

"घाई नाही," काचेपलीकडून बाईचा आवाज आला. कचेरीत सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा, दमलेला आणि फार सभ्य. "मला सवय आहे थांबायची. तेवढं सही कुठे करायची ते दाखवा..."

फटीतून एक हात आत आला. भयंकर काही नव्हतं त्यात. नखं कापलेली, बांगडी एक, बोटाला शाईचा जुना डाग. हात टेबलावर पालथा पडला आणि वाट बघत राहिला.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

"सगळ्याच तसं म्हणतात." बाई समजुतीने म्हणाली. "म्हणून तर तुम्ही प्रश्न विचारता. विचारा ना... मला येतात उत्तरं."

मी मावशीच्या खुर्चीत बसले. वही माझ्या हातात होती, आणि वही जोवर माझ्या हातात तोवर सही होणार नव्हती. तेवढंच मला कळत होतं. पण तेवढं पक्कं कळत होतं. मी दोन्ही कोपरं वहीवर रोवली. मनात म्हटलं, बाई गं, तू बारा वर्षं थांबलीस ना, मग आता मीही थांबते. बघू कोण आधी उठतं ते.

"खूण... अंगावर खूण कुठे आहे?"

"उजव्या गुडघ्याच्या मागे तीळ. वाटाण्याएवढाही नाही. मोहरीएवढा."

मला ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षं मी रोज तिला अंघोळ घालत होते, कानामागे मळ बघत होते, जीभ बघत होते, आणि गुडघ्याच्या मागे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

"झोपताना काय मागते?"

"पाणी."

हे मात्र मला येत होतं. मी श्वास सोडणार तोच बाई हळूच म्हणाली, "तहान नसते तिला. तुम्ही पुन्हा एकदा खोलीत याव्यात म्हणून मागते..."

काचेपलीकडे टिल्ली काही बोलली नाही. म्हणजे खरंच होतं ते.

"तुम्हाला... तुम्हाला हे कसं..."

"बसून बसून दुसरं काय करणार? तिचाच विचार करते. तुम्हाला शंभर कामं असतात. मला हे एकच."

बागेच्या नियमाने मी हरले होते. उन्हाची पट्टी टेबलाच्या पायावरून निघून दाराकडे सरकली होती. सात पुस्तकांतलं एक अक्षर आठवत नव्हतं. कोपरांखाली मावशीची बारीक अक्षरं होती. "बसा म्हटलं." आणि एकदम मला दिसलं की इथे चुकलेलं मूल नव्हतंच, चुकलेलं ते वाक्य होतं. प्रश्न विचारून ते निस्तरणार नव्हतं.

"बाई, ऐका," मी म्हटलं. "तुम्ही जिच्यासाठी आलात ती मुलगी नव्हतीच. बागेत गर्दी वाटावी म्हणून माझ्या मावशीने ती माइकवर बोलून दाखवली. फ्रॉक तिने केला, मोजा तिने हरवला. तुम्ही दारात आलात तेव्हा तिने खरं सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून ती 'बसा' म्हणाली. चूक तिची. आमची. तुम्हाला इतकी वर्षं बसवून ठेवलं."

बाहेर पाळण्याचे डबे कुरकुरायचे थांबले.

"नव्हतीच...?"

"नाही."

"मग मला... कुणी बोलावलं?"

मी खरं तेच सांगितलं. "आम्ही. आम्हीच बोलावलं."

टेबलावरचा तो हात उलटा झाला. आता तळवा वर होता. "मी उठले तर तिचं कुणीच राहणार नाही... नसली तरी. बारा वर्षं मी होते म्हणून ती निदान कुणाची तरी होती. तुम्ही काय ते वहीत लिहा. तुमच्या सहीने लिहा. मग मी उठते."

मी पेन काढलं. उजेड जवळपास गेलाच होता. त्या नोंदीपुढे मी चाचपडत लिहिलं, "घोषणा खोटी होती. मूल नव्हतं. चूक बागेची." आणि शेवटी सही ठोकली, कागद फाटेल इतकी जोर लावून.

"जरा फिरवा वही..."

मी फिरवली, पण सोडली नाही. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून ठेवली. बाईचं बोट ओळीवरून सरकत गेलं. सहीपाशी आलं, थांबलं. पुन्हा एकदा सहीवरून फिरलं.

"अच्छा," बाई म्हणाली. आणि ती हसली. लहान मूल एकदाचं झोपलं की आई सोडते तसा श्वास होता तो, सुटकेचा. "अच्छा... मग ठीक आहे. मग काही काळजी नाही."

बाक करकरला. राखाडी डाग उंच झाला आणि विरघळत गेला. पिवळा डाग खाली उतरला. झडप हलली आणि टिल्ली रांगत बाहेर आली, नाकावर धूळ, एका पायात मोजा नाही. मी आधी तिला ओढून घेतलं आणि मग झडपेची कडी घातली. या क्रमाने. नंतर मी तो क्रम खूपदा तपासून पाहिला आहे.

"आई, दुखतंय, किती आवळतेस," ती म्हणाली.

फाटकाशी काका नव्हते. खुर्चीवर किल्ली ठेवली आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. वही काखेत, पोरगी कडेवर. उतरेपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.

घरी आल्यावर अंघोळ घालताना मी तिचा उजवा गुडघा बघितला. तीळ होता. मोहरीएवढा. आता तो आधीपासून होता की नाही हे मी कुणाला विचारू? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "असेल की. तीळ काय आज उगवतात?" चांगला माणूस आहे, पण साक्षीदार म्हणून कुचकामी.

मावशी उशांना टेकून वाट बघत होती. मी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. ती ऐकताना रडली. मी लिहिलेली ओळ तिने दोनदा वाचली आणि मान हलवली. मग डाव्या हाताचं बोट ओळीच्या टोकाला नेलं आणि तिथेच ठेवलं. तिचा चेहरा बदलला. बोट उचलेना.

मी वाकून बघितलं. अंधारात, घाईत, मी सही चौथ्या रकान्यात केली होती. मूल ताब्यात घेणाऱ्याची सही. सव्वीस वर्षांत मावशीने कुणालाही रकाना चुकू दिला नव्हता, आणि मी एम.ए. झालेली बाई, एका ओळीत चुकले होते.

तेवढ्यात फोन वाजला. साडेसात झाले होते.

"ताई, अहो काय हे!" पाळणेवाले काका. "मी टाकी भरायला गेलो, तेवढ्यात तुम्ही किल्ली ठेवून गेलात, ते ठीक. पण पोरगी? पोरगी विसरतं का कुणी? माझ्या खुर्चीत येऊन बसलीय. रडत नाही, काही नाही. टिल्ली म्हटलं, लिंबू म्हटलं, बघतसुद्धा नाही. एकच विचारतेय, सही केली ती आई कुठाय?"

मी आत बघितलं. टिल्ली मावशीच्या पायाशी बसून पाटीवर गोल काढत होती. वर न बघता म्हणाली, "कुणाचा फोन?"

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. एरवी मला सगळ्याची वाटते. पण आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय करायचं ते कुठलंही पुस्तक न उघडता माहीत होतं. एका बाईला आम्ही बारा वर्षं बाकावर बसवलं होतं. दुसऱ्या कुणाला मी एक रात्रही बसवणार नव्हते. सही माझी होती.

"काका," मी म्हटलं, "तिला एकटी सोडू नका. हात धरा तिचा. मी निघालेच."

"आत्ता कुठे निघालीस?" नवरा स्वयंपाकघरातून ओरडला.

मी कपाटातून टिल्लीचा जुना स्वेटर काढला. मग तो ठेवून नवा काढला, आणि चपला पायात सरकवल्या.

पुढचं मी लिहीत नाही. आता दोघींनाही वाचता येतं.